शेजारणीच्या नळातला वारा

साल २०१६. मला तेव्हा अठ्ठावन्नावं चालू होतं. त्या वर्षीच्या एक मेला मी भर ग्रामसभेच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या घरचा नळ तोडला. एवढं एकच वाक्य आमच्या गावात आता भिंतीवर रंगवायचं बाकी राहिलंय. बाहेरगावची माणसं गाड्या करून आमचं पाणीवाटप बघायला येतात. आमचे ग्रामसेवक, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, ते त्यांना टाकी दाखवतात, वाल दाखवतात आणि शेवटी मला दाखवतात. "हे नाना. नियम म्हणजे नियम म्हणून यांनी स्वतःच्या घराचीही गय केली नाही." मग शाल, नारळ, टाळ्या. शाली इतक्या जमल्या की बायकोनं त्यांची गोधडी शिवली.

मी नारळ घेतो आणि मान खाली घालतो. पाहुण्यांना वाटतं, म्हातारा नम्र आहे. मी आणि नम्र! विचारा गावात कुणालाही. माझी मान लाजेनं खाली जाते. तो नळ तोडला ते लिहा, लोकांना आदर्श होईल, असं या दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, म्हणून लिहायला बसलो. आदर्श होईल का ते वाचून तुम्हीच ठरवा. शाळा चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांशी भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. अक्षर माझं आहे, काना-मात्रा नात बघते. तिला बजावलंय, शब्द सुधार, पण मला सुधरवू नको.

आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, कोरडवाहू. मी ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. लोकांना नळ म्हणजे तोटी माहीत असते. तोटीच्या मागं एक माणूस असतो हे पाणी आलं नाही की मगच आठवतं. आमची पिण्याच्या पाण्याची विहीर पाझर तलावाच्या खालच्या अंगाला आहे. तलावाच्या आसपास कुणी बोअर पाडायचा नाही आणि तलावात मोटर टाकायची नाही, असा ग्रामसभेचा जुना ठराव. तो गावानं पाळला. म्हणून शेजारची गावं टँकरची वाट बघत बसली तरी आमची विहीर तळाला का होईना, ओली राहायची. विहिरीतलं पाणी टेकावरच्या टाकीत चढवायचं, तिथून एक मोठी लाईन खाली येते आणि तिला आळ्याआळ्यांचे फाटे फुटतात. प्रत्येक फाट्याला जमिनीत एक चौकोनी खड्डा, वर फरशी, आत वाल. लांब दांड्याची लोखंडी चावी वालवर बसवायची आणि अंग टाकून फिरवायची. एका आळीचा वाल उघडला की दुसरीचा बंद. उन्हाळ्यात गारव्याला विंचू त्याच खड्ड्यात येऊन बसतात, म्हणून आधी फरशीवर चावी आपटायची, विंचवाला वर्दी द्यायची, मग हात घालायचा.

सरपंच बदलतात, चावी बदलत नाही. सरपंचाला जितके रामराम घडत नसतील तितके मला घडायचे. लग्नघरचा माणूस सगळ्यांत आधी माझ्याकडं पत्रिका घेऊन यायचा, भटजींकडं नंतर. एकदा सरपंचबाईंचे मालक स्वतः आले. "नाना, पावणे आल्यात, आमच्या आळीला आज जरा जास्ती सोडा."

"पावणे पाणी प्यायला आल्यात का पव्हायला?" मी म्हणालो, आणि वाल वेळेवर बंद केला. टोपी सरळ केली आणि पुढच्या फाट्याला गेलो. ही गोष्ट मी पुढं कित्येक वर्षं सांगितली. खरं तर अशा गोष्टी सांगण्यातच माझा निम्मा पगार वसूल व्हायचा.

माझी मिजास एका गोष्टीवर उभी होती. देवळामागची आळी, म्हणजे माझी स्वतःची आळी, तिला मी सगळ्यांत कमी वेळ पाणी सोडायचो. त्यातही माझं घर आळीच्या टोकाला, चढावर. नळ घेतला तेव्हा प्लंबर म्हणाला होता, नाना, तुमच्या घरी पाणी चढायचं न्हाई, पाईप जरा खालून घेऊ. मी म्हणालो, जसा लोकांचा तसाच माझा, वाकडं काही करायचं नाही. माझ्या तोटीला करंगळीएवढी धार यायची आणि मी ती धार चारचौघांत सांगायचो. "माझ्या घरी येऊन बघा, मग तक्रार करा." तक्रार करणारा गप्प व्हायचा. त्या करंगळीएवढ्या धारेवर घर कसं चालतं, हे मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

आता मोटरींचं सांगतो, कारण गोष्ट मोटरीवरच येऊन पडते. टिल्लू मोटर म्हणून एक चीज बाजारात मिळते. लहान पोराच्या डोक्याएवढी. नळाला जोडली की पाईपातलं पाणी ओढून घेते. एकानं लावली की शेजाऱ्याची धार बारीक होते, म्हणून तोही लावतो. असं करत करत खालच्या आळ्यांनी आपापल्या पाळीत लाईन चोखून टाकी रिकामी केली की शेवटी पाळी असलेल्या वरच्या वस्तीला काही म्हणजे काही पोचत नाही. वरची वस्ती सगळी ऊसतोडणी करणाऱ्यांची. दिवाळी झाली की ते कारखान्यावर जातात आणि पाडव्याच्या पुढंमागं परततात, म्हणजे नेमकं पाणी आटल्यावर. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पाण्याचं ठरायचं, तेव्हा ते कुठल्यातरी उसाच्या फडात असायचे. त्यांच्या वाटणीला हात वर करायला तिथं कोणी नसायचं.

मोटर धरायची माझी रीत होती. पाणी चालू असताना घरात जायचं आणि तोटीवर तळहात ठेवायचा. पाणी येण्याऐवजी तळहात आत ओढला गेला तर समजायचं, अगदी शेजारी कुठंतरी मोटर चालू आहे. मग आजूबाजूची घरं झाडायची. लोक मी दिसलो की मोटर काढून दडवायचे. कुणी पिठाच्या डब्यात, कुणी कडब्यात. बाजारतळाच्या आळीत एका घरी गेलो तर सून पाळणा हलवत अंगाई म्हणत होती. बाळ मात्र सासूच्या कडेवर. पाळण्याखाली पाण्याचं थारोळं.

"बाळानं केलंय," सून म्हणाली.

"आवं, बाळ हितं तुमच्या सासूबाईच्या कडंवर हाय. पाळण्यात कोन हाय?"

सासू हसायला लागली, सून रडायला. मी मोटर उचलली. सासू म्हणाली, "नाना, बाळंतीन हाय वो घरात, चार दिस राहू द्या." मी म्हणालो, मग वरच्या वस्तीला काय बाळंतिणी नाहीत का? बोलणं चुकीचं नव्हतं. पण बोलताना मला जी मजा आली, ती आता आठवायला नको वाटते.

माझ्या शेजारच्या घरी सुभद्रावहिनी राहायच्या. आमची भिंत एकच. त्या उन्हाळ्यात त्यांच्या तोटीला तळहात लावला तर चक्क ओढला गेला. म्हणजे शेजारी मोटर! मी समोरचं घर झाडलं, मागचं झाडलं, पलीकडचं झाडलं. कुठं काही नाही. पुन्हा हात लावला, पुन्हा ओढला. माझ्या घरात टीव्हीवर मोठ्यानं भजन लागलेलं. मी भिंतीवरून ओरडलो, "अगं, त्यो टीव्ही बारीक कर, पाईपाचा आवाज ऐकू दी!"

मग बराच विचार करून मी निदान केलं. "वहिनी, तुमच्या नळात वारा धरलाय."

सुभद्रावहिनींनी तोंडावर पदर घेतला. "आसंल भावजी. वाराच आसंल."

"वर चढाला आसं व्हतं. पाईपात वारा अडकतो."

"तुमाला जास्ती कळतं," त्या म्हणाल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, बाईला पाण्याचं दुःख झालंय.

त्या उन्हाळ्यात एक मेची ग्रामसभा देवळासमोरच्या लिंबाखाली भरली. वरची वस्ती नुकतीच परतली होती. सिंधूबाई नावाची त्यांच्यातली एक बाई सरळ उभी राहिली. उसाच्या पाचटानं हात कापलेले, आवाज मोकळा.

"नाना, तुमची चावी आमच्यापतूर पोचत न्हाई का? नळाच्या तोटीत कुंभारीण माशीनं घर केलंय. पोरं पावण्याला दावत्यात, ह्यो बघा आमचा नळ."

लोक हसले. मला ते हसू बोचलं.

"बाई, मी सोडतो. मधी लोकं वढून घेत्यात, त्याला मी काय करू?"

"मंग धरा की त्यांला. का वळखीची हायती?"

ओळखीची म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी लिंबाच्या पारावर चढलो. म्हणालो, आजपासून ज्याच्या घरात मोटर सापडेल त्याचा नळ पाऊस पडेस्तोवर तोडायचा. दंड नाही, विनवणी नाही. करा ठराव. सरपंचबाई म्हणाल्या, "नाना, दमानं घ्या. तोडल्यावर त्या घरातल्या बायांनी कुठं जायचं?" मी म्हणालो, "हापश्यावर जातील. वरच्या वस्तीच्या जात्यात तशा." वरच्या वस्तीनं सगळ्यांत आधी हात वर केले, मग लाजेकाजेस्तव बाकीच्यांनी. ठराव झाला.

"बोलून काय व्हतंय," सिंधूबाई म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता चला," मी म्हणालो, "आन् सुरवात माझ्या घरापासनं!"

यावर टाळ्या पडतील असं मला वाटलं होतं. एकही पडली नाही. भाऊसाहेब घाईनं उठले. "नाना, तुमचं घर कशाला? बाजारतळापासून सुरू करू." एक म्हातारा म्हणाला, ऊन लई हाय. सुभद्रावहिनी बायकांतून पुढं आल्या. "भावजी, आदी च्या तरी घ्या. मी टाकते, माझ्याकडं चला." ज्याची मी मोटर उचलली होती तो पाळणेवालीचा नवरा, तोसुद्धा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या नाना. तुमच्यावर कुनाचा सौंशय न्हाई."

सगळं गाव मला वाचवायला बघत होतं. मला वाटलं, माझ्या घराची झडती घ्यायची म्हटल्यावर त्यांना अवघड वाटतंय, केवढा हा मान! छाती अजून फुगली. माझा स्वभाव असा, की चार माणसांनी नको म्हटलं की ते झालंच पाहिजे. चावी खांद्यावर टाकली आणि पुढं निघालो. मागं अर्धं गाव, वरची वस्ती सगळी.

आमच्या अंगणात नळाजवळ कोंबड्या झाकायचं मोठं डालगं पालथं होतं, वर पोतं. बायको, हौसाबाई, दारात उभी. एवढी माणसं बघून तिनं पदर दातात धरला. मी घरातून फिरून आलो, माळा दाखवला, न्हाणी दाखवली. "बघा, नीट बघा! पुन्ना म्हनायचं न्हाई." लोक खाली बघत होते. कोंबड्या भर दुपारी अंगणात मोकळ्या फिरत होत्या, हे सिंधूबाईच्या नजरेत आलं असावं. ती डालग्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "ह्ये पन बघायचंय? बघा!" आणि माझ्याच हातानं डालगं उचललं.

खाली निळी मोटर. नळाला जोडलेली. भिंतीवरून सुभद्रावहिनींच्या अंगणात गेलेली एक प्लॅस्टिकची नळीसुद्धा.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. मागून एकच आवाज आला, हळू, बहुतेक त्या पाळणेवाल्याचा: "सापडला वारा."

मला त्या क्षणी काय काय कळलं ते सांगतो. सुभद्रावहिनींच्या तोटीतला वारा माझ्याच घरून सुटला होता. ते भजन मोटरीच्या आवाजावर लावलेलं होतं. आळीला माहीत होतं, गावाला माहीत होतं, भाऊसाहेबांना माहीत होतं. ज्यांच्या मोटरी मी मिरवत उचलून नेल्या, त्यांना मोटर देताना माहीत होतं. एकानंही तोंड उघडलं नव्हतं. का, ते तेव्हा मला उमगलं नाही.

मी पाना मागवला. आवाज चढा ठेवला. "ठराव म्हंजी ठराव." आणि पाईपाच्या आट्या फिरवायला बसलो. पाहुण्यांना सांगतात ती गोष्ट इथं संपते.

खरी गोष्ट पुढं आहे. सिंधूबाई माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. ज्या बाईच्या वाटणीचं पाणी या मोटरीनं ओढलं होतं, ती हौसाबाईकडं बघत होती. हौसाबाईच्या पायाकडं. तिचा उजवा गुडघा फुगलेला, वर फडकं बांधलेलं. ते फडकं मला रोज दिसायचं. मी ते कधी बघितलं नव्हतं.

"नाना," सिंधूबाई हळू म्हणाली, "तुमी नळ कुनाचा तोडताय? तुमचा का हिचा?"

मी पुढची आटी फिरवली. तिनं पुन्हा विचारलं.

"तुमी कदी हापश्यावर गेलाय का पान्याला?"

मी गेलो नव्हतो. सगळ्या गावाला पाणी सोडलं, पण घरात एक हंडा कधी आणला नव्हता. आमच्यात गडीमाणसं डोक्यावर हंडा घेत नाहीत. करंगळीएवढी धार मी चारचौघांत सांगायचो, आणि उरलेलं पाणी हौसाबाई हापश्यावरून, त्या चढानं, डोक्यावर आणायची. माझा प्रामाणिकपणा तिच्या मानेवर उभा होता. गाव गप्प बसलं ते मला भिऊन नव्हे. तिच्यासाठी.

तरी मी नळ तोडला. हे लिहिताना सगळ्यांत जास्त लाज वाटते. सिंधूबाईच म्हणाली होती, ऱ्हाऊ द्या, आमच्यासाठी नका तोडू. सरपंचबाई म्हणाल्या, मोटर काढा, नळ ठेवा. मी ऐकलं नाही. इतक्या माणसांत वाकणं मला जमलं नाही, म्हणून मी पाईप वाकवला. अब्रू माझी वाचली, हंडे तिला लागले.

गावाचं मात्र त्यानं भलं झालं, हे खोटं नाही. त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत लोकांनी आपणहून मोटरी आणून पंचायतीच्या ओट्यावर ठेवल्या. माझ्या धमक्यांनी जे झालं नव्हतं, ते हौसाबाईच्या उतरलेल्या तोंडानं झालं. सरपंचबाईंनी आमच्याच अंगणात उभं राहून ठरवलं की पाणी आता शेवटापासून सोडायचं: आधी वरची वस्ती, मग खाली येत येत बाजारतळ. आणि पाण्याचा ठराव यापुढं वरची वस्ती गावात असेल तेव्हाच्याच सभेत करायचा. बघायला येतात ते हेच. याचं श्रेय माझ्या नावावर जमा होतं.

संध्याकाळी हौसाबाईनं भाकरी वाढली. ती मोटर तिच्या भावानं कर्जतच्या बाजारातून आणून दिली होती, हे मला कळलं होतं. मी विचारलं, "मला सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं हुतं," ती म्हणाली. "पाय घसरून पडले तवा सांगितलं. नळ खाली घ्या म्हनलं. आपल्या आळीला जरा येळ वाढवा म्हनलं."

"मी काय म्हनलो?"

"लोकं काय म्हनतील, म्हनलात."

तिनं कालवण वाढलं. रागावली नव्हती. रागावली असती तर मी रागावलो असतो, ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला मी टेकावर गेलो. फरशीवर चावी आपटली, विंचवाला वर्दी दिली आणि सगळ्यांत आधी वरच्या वस्तीचा वाल उघडला. लांबून बायांचा गलका ऐकू आला, पाणी पोचल्याचा. वस्तीत गेलो असतो तर कुणी पाणी पाजलं असतं, दोन शब्द चांगले बोललं असतं. गेलो नाही. घरी आलो, पितळी हंडा खांद्यावर घेतला आणि हापश्याकडं निघालो. सगळी आळी सडासारवण सोडून बघत होती.

अंगणाच्या कडेपर्यंत गेलो असेन, तर मागून हौसाबाई लंगडत आली. मला वाटलं, हंडा काढून घेते आता. म्हणेल, लोकं काय म्हनतील.

"खांद्यावर घेऊ नका," ती म्हणाली. "चढाला निम्मं सांडतंय." आणि तिनं जुन्या लुगड्याची चुंबळ माझ्यापुढं धरली.

मी डोक्यावरची टोपी काढली, तिच्या हातात दिली आणि तिथं चुंबळ ठेवली.